डफरिन, राजेंद्र आणि चाणक्य: मुंबईच्या प्रशिक्षण नौकांचा इतिहास

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा, की आपली भाची नेरूळच्या टी. एस. चाणक्य या संस्थेत नॉटिकल सायन्सच्या पदवीसाठी प्रवेश घेत आहे, आपल्या घरातील एक वडीलधारे गृहस्थ पूर्वी 'डफरिन'वर शिकलेले होते आणि त्यामुळे आपल्याला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: डफरिन हे नेमके काय होते, ते जहाज जाऊन जमिनीवरची संस्था का आली, आणि जहाज गेल्यामुळे शिक्षणाचा दर्जा उतरला का. मी डफरिननंतर आलेल्या 'राजेंद्र' या प्रशिक्षण नौकेवर शिकलो, पुढे मास्टर (कप्तान) म्हणून जहाजे चालवली आणि गेली अनेक वर्षे कॅडेटांना शिकवतो आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधीच देऊन ठेवतो. जहाज गेल्यामुळे फारसे काही बिघडले नाही, कारण मुंबईतील प्रशिक्षण नौका शिकवण्यासाठी समुद्रात फिरत नसे. ती बंदरात उभी असे. खरी उमेदवारी नेहमीच व्यापारी कंपन्यांच्या जहाजांवर होत आली आहे, आणि त्या जहाजांवर जागा कोण देणार हा जो प्रश्न १९३० साली होता, तोच थोड्या वेगळ्या रूपात आजही आहे. डफरिनचा इतिहास त्या प्रश्नाच्या अंगाने वाचला तरच नीट कळतो.

जहाजावर काम करणारी माणसे आपल्याकडे नव्हती असे मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे खलाशी बहुतांशी आपल्या किनारपट्टीवरचे असत आणि त्यांत रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. स्वयंपाकघर आणि सलून (भोजनकक्ष) गोव्याच्या माणसांच्या हाती असे, आणि या गोवेकरांचे गावोगावचे कूड, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक खोल्या, माझगाव-धोबीतलाव भागात होते. सारंग (खलाशांचा मुख्य), टिंडल (त्याचा मदतनीस), सुकाणी ही सगळी पदे आपल्या माणसांची होती. मात्र सारंगाच्या वरची शिडी बंद होती. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, उभा राहून पहारा देणारा, नकाशावर जहाजाची जागा मांडणारा आणि जहाजाचा ताबा असणारा अधिकारी हा ब्रिटिशच असे. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या या कंपनीचा तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीच्या भाषणांत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, ती ही की जहाज हिंदी मालकीचे झाले तरी ते चालवायला प्रमाणपत्रधारक हिंदी अधिकारी मिळणे जवळपास अशक्य होते, कारण त्यांना तयार करणारी संस्थाच देशात नव्हती. खुद्द सरकारी रॉयल इंडियन मरीनमध्ये (आजच्या नौदलाचे पूर्वरूप) पहिला हिंदी अधिकारी, अभियांत्रिकी शाखेचे डी. एन. मुखर्जी, १९२८ साली आला.

या पार्श्वभूमीवर १९२२ च्या जानेवारीत सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी केंद्रीय विधिमंडळात हिंदी व्यापारी नौकानयनाच्या वाढीसाठी समिती नेमावी असा ठराव मांडला. त्यातून रॉयल इंडियन मरीनचे संचालक कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. स्वतः शिवस्वामी अय्यर आणि सिंदियाचे एक संस्थापक लालुभाई सामळदास हेही तिच्यावर होते. समितीने १९२४ मध्ये अहवाल दिला. त्यातील मोठी शिफारस किनारी वाहतूक टप्प्याटप्प्याने हिंदी मालकीच्या जहाजांसाठी राखून ठेवण्याची होती, आणि दुसरी, तुलनेने लहान, मुंबईत अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण नौका सुरू करण्याची. सरकारने मोठी शिफारस बासनात गुंडाळून ठेवली आणि लहान उचलली. माझ्या मते हे अनवधानाने घडलेले नाही. किनारी वाहतूक राखून ठेवली असती तर ब्रिटिश कंपन्यांच्या उत्पन्नाला थेट धक्का बसला असता. उलट प्रशिक्षण नौका काढल्याने सरकारला काहीतरी केल्याचे दाखवता येत होते, आणि हाताशी एक जुने जहाज रिकामेच होते. १९२८ साली साराभाई हाजी यांनी किनारी वाहतुकीच्या राखीवतेचे विधेयक आणले, त्यावर बरीच वादावादी झाली, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे मुलांना अधिकारी करण्याची सोय झाली, पण ती ज्या जहाजांवर अधिकारी व्हायची ती जहाजे वाढू द्यायची नाहीत, अशी ती व्यवस्था होती.

ते जुने जहाज म्हणजे 'डफरिन'. १८८४ ते १८८८ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड डफरिन यांचे नाव दिलेले हे सैन्यवाहू जहाज व्हिकर्स कंपनीने इंग्लंडमधील बॅरो येथे बांधले आणि १९०४ साली ते पाण्यात उतरले. रॉयल इंडियन मरीनच्या 'हार्डिंज' आणि 'नॉर्थब्रुक' या जहाजांबरोबर पलटणी आणि त्यांचे सामान वाहून नेणे हे त्याचे काम. पहिल्या महायुद्धात त्यावर तोफा चढल्या आणि तांबड्या समुद्रात, हेजाझच्या किनाऱ्यावर अरबांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला त्या काळातील मोहिमांत ते वावरले. युद्धानंतर असे मोठे, कोळसा खाणारे सैन्यवाहू जहाज पोसणे परवडेनासे झाले. मात्र शाळेसाठी त्याची रचना सोयीची होती. पलटणी झोपवण्यासाठी केलेल्या प्रशस्त डेकांवर मुलांचे हॅमॉक टांगता येत, वर्ग भरवता येत आणि पावसाळ्यात छपराखाली कवायतही करता येई. १९२७ साली ते 'इंडियन मर्कंटाइल मरीन ट्रेनिंग शिप डफरिन' म्हणून माझगावसमोर बंदरात उभे राहिले. कॅप्टन डिग्बी-बेस्ट हे त्याचे पहिले कॅप्टन सुपरिंटेंडंट. मुले शाळकरी वयात येत आणि तीन वर्षे राहत.

उभ्या जहाजावर नौकानयन कसे शिकणार, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर तो रास्त आहे. ही कल्पना इंग्लंडमधून आली होती. लिव्हरपूलजवळ मर्सी नदीत 'कॉनवे' १८५९ पासून आणि टेम्सवर 'वॉर्सेस्टर' १८६२ पासून अशाच उभ्या होत्या, आणि ब्रिटिश व्यापारी आरमाराच्या अधिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्यांच्यावरून बाहेर पडल्या. उभ्या जहाजाचा उपयोग मुलाला पाण्यावर राहण्याची सवय लावण्यासाठी असतो. तिथे घंटेवर उठायचे, पहारा द्यायचा, डेक घासायचा, दोर ओळखायचे आणि अंधारात हाताने गाठी मारायच्या. पुस्तकी शिक्षणाच्या बाबतीत डफरिन ही एक कडक शिस्तीची निवासी शाळाच होती, फक्त तिच्या फाटकाबाहेर पाणी होते.

पण त्या फाटकाबाहेरच्या पाण्यात शिकण्यासारखे बरेच होते, आणि ते नेरूळच्या वर्गात त्याच रीतीने देता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतील फरक चार मीटरच्या वर जातो आणि प्रवाहाला दोन-तीन नॉटचा (तासाला दोन-तीन सागरी मैलांचा) जोर येतो. अशा वेळी वल्ह्यांची होडी जहाजाच्या शिडीला लावायची असेल तर नवखा मुलगा स्वाभाविकपणे प्रवाहाबरोबर येतो, कारण तसे येणे सोपे असते. आणि मग शिडी जवळ आल्यावर त्याच्या लक्षात येते की होडी थांबत नाही. वल्ही उलटी मारली तरी ती शिडीपाशी न थांबता पुढे वाहून जाते किंवा, त्याहून वाईट, शिडीच्या खालच्या फळीखाली अडकते. योग्य रीत अशी की शिडीला वळसा घालून खालच्या बाजूला जायचे, होडीचे तोंड प्रवाहाकडे करायचे आणि प्रवाहाच्या वेगाहून किंचित अधिक जोराने वल्हवत राहायचे. त्यामुळे जमिनीच्या हिशेबाने होडी जवळजवळ उभी राहते, पण पाण्याच्या हिशेबाने तिला वेग असतो आणि सुकाणू काम करत राहते. मग पुढचा माणूस आकडीने शिडी धरतो, आधी नाळेवरचा (पुढच्या टोकाचा) दोर बांधला जातो, नंतर मागचा. पुढे तीनशे मीटर लांबीचे टँकर धक्क्याला लावताना मला जे तत्त्व वापरावे लागले ते हेच, आणि ते माझ्या पिढीने प्रथम तळहाताला फोड येईपर्यंत वल्ही मारून शिकलेले होते.

याउलट सेक्सटंटचे, म्हणजे कोन मोजून जहाजाची जागा काढण्याच्या उपकरणाचे, शिक्षण घ्या. सूर्याची किंवा ताऱ्याची उंची मोजायला स्वच्छ समुद्री क्षितिज लागते. माझगावसमोरून पश्चिमेला शहर, उत्तरेला तुर्भ्याचा डोंगर, पूर्वेला घारापुरी आणि तिच्या पलीकडे उरणचा किनारा, अशी बाजूबाजूंनी जमीन आहे. पाण्यापासून बारा मीटर उंचीवर डोळा असेल तर समुद्री क्षितिज सुमारे सात सागरी मैलांवर असते. घारापुरीची पाणरेषा त्याहून जवळ आहे, म्हणजे ती खऱ्या क्षितिजापेक्षा थोडी खाली दिसते, आणि तिच्यापासून मोजलेली उंची खऱ्यापेक्षा जास्त येते. उंचीतील एक मिनिटाची चूक म्हणजे जहाजाच्या जागेत एका सागरी मैलाची चूक. या चुकीसाठी वेगळी दुरुस्ती असते आणि ती शिकवलीही जाते, पण रोजच्या सरावासाठी असे क्षितिज गैरसोयीचेच. म्हणून बंदरात सेक्सटंटचा उपयोग प्रामुख्याने दीपगृहे, बुरूज आणि शिखरे यांच्यामधील आडवे कोन मोजून जागा काढण्यासाठी होई, आणि ताऱ्यांचा खरा सराव पहिल्या सफरीत. थोडक्यात, अधिकारी होण्यासाठी जे सर्वांत महत्त्वाचे, ते या जहाजावर अर्धेच शिकता येत असे.

उरलेले अर्धे कुठे शिकायचे, यावर डफरिनच्या मुलांचे भवितव्य टांगलेले होते. सेकंड मेटच्या, म्हणजे डेक अधिकाऱ्याच्या पहिल्या प्रमाणपत्राच्या, परीक्षेला बसण्यापूर्वी सर्वसाधारण उमेदवाराला चार वर्षांची समुद्रसेवा लागे आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण नौकेवरील काळाबद्दल त्यात सूट मिळे. परंतु सूट वजा जाता उरलेला काळ कोणत्या तरी कंपनीच्या जहाजावर उमेदवार म्हणूनच काढावा लागे. १९३० मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली तेव्हा मोठी जहाजे बहुतेक सगळी ब्रिटिश कंपन्यांची होती आणि हिंदी मुलांना अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये बसवून घेण्याची त्यांना मुळीच घाई नव्हती. त्यात जागतिक मंदी आली आणि जहाजेच्या जहाजे रिकामी उभी राहिली. अशा काळात सिंदियाने डफरिनच्या मुलांना घेतले. वालचंद हिराचंद १९२९ पासून कंपनीचे अध्यक्ष होते. हिंदी जहाजावर हिंदी अधिकारी हवेत हा त्यांच्या दृष्टीने निव्वळ भावनेचा नव्हे तर धंद्याचाही प्रश्न होता, कारण परक्या अधिकाऱ्यांच्या जिवावर चालणारी कंपनी दरयुद्धात (भाडे पाडण्याच्या चढाओढीत) फार काळ टिकत नाही. तरीही सिंदियाची जहाजे ती किती आणि त्यांवरच्या जागा किती. ज्यांना तिथे स्थान मिळाले नाही ती मुले हुगळी नदीतून जहाजांना वाट दाखवणाऱ्या पायलट सेवेत, बंदरांच्या कामात, सर्वेक्षणात किंवा सरकारी नोकरीत गेली.

रामदास कटारी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पहिल्याच तुकडीतील हा मद्रास इलाख्यातला मुलगा. व्यापारी जहाजाच्या ब्रिजवर जाण्यासाठी तयार झालेले कटारी काही काळ हुगळीवर काम करत राहिले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर राखीव दलातून नौदलात आले. एप्रिल १९५८ मध्ये व्हाइस ॲडमिरल कार्लिल यांच्याकडून सूत्रे घेऊन ते भारताचे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. डफरिनच्या गौरवगाथेत हे नाव नेहमी पहिले येते आणि ते यावेच. पण व्यापारी आरमारासाठी काढलेल्या नौकेचा सर्वांत नामांकित विद्यार्थी व्यापारी आरमारात का राहिला नाही, याचाही कधीतरी विचार व्हायला हवा.

१९३५ पासून डफरिनवर इंजिनिअर होऊ इच्छिणाऱ्या मुलांनाही घेऊ लागले. महायुद्धाने एकीकडे जहाजे बुडवली, दुसरीकडे अधिकाऱ्यांची गरज एवढी वाढवली की हिंदी कॅडेट नको म्हणण्याची चैन कोणालाच परवडेना. चार-पाच वर्षांत जे घडले ते आधीच्या दशकभराच्या ठरावांनी घडले नव्हते. मग फाळणी झाली. डफरिन ही अखंड हिंदुस्थानची एकमेव नौका असल्यामुळे तिचे विद्यार्थी दोन्ही देशांत विखुरले, आणि पाकिस्तानला आपली स्वतंत्र सागरी अकादमी चितगावजवळ उभारायला १९६२ साल उजाडले. ती आज बांगलादेशाची आहे.

स्वतंत्र भारताच्या हाती आले ते सुमारे ५९ जहाजांचे आणि १.९२ लाख टनांचे व्यापारी आरमार. सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४७ मध्ये वीस लाख टनांचे उद्दिष्ट आणि संपूर्ण किनारी वाहतूक भारतीय जहाजांना देण्याचे धोरण सुचवले, आणि हेडलॅम समितीची जी शिफारस धूळ खात पडली होती ती १९५० च्या सुमारास अखेर प्रत्यक्षात आली. त्याच दोन-तीन वर्षांत प्रशिक्षणाची सगळी घडी नव्याने बसवली गेली. १९४८ मध्ये मुंबईत प्रमाणपत्र परीक्षांची तयारी करून घेणारे नॉटिकल अँड इंजिनिअरिंग कॉलेज निघाले, ज्याला पुढे लालबहादूर शास्त्रींचे नाव मिळाले; १९४९ मध्ये नौकानयन महासंचालनालय स्थापन झाले आणि इंजिनिअरांचे शिक्षण डफरिनवरून काढून कोलकाता व मुंबई येथील स्वतंत्र केंद्रांकडे देण्यात आले. खलाशांसाठीही 'भद्रा', 'मेखला' आणि 'नौ लक्षी' अशा निराळ्या प्रशिक्षण नौका सुरू झाल्या. डफरिन आता केवळ डेक कॅडेटांची राहिली आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. जहाजे वाढत होती, कंपन्यांना अधिकारी हवे होते, आणि बाहेर पडणाऱ्या मुलाला जागा मिळेल का, ही चिंता काही काळ तरी मागे पडली. जुने डफरिनकर ज्या सुवर्णकाळाविषयी बोलतात तो बहुधा हा.

जहाज मात्र म्हातारे होत होते. फिरणाऱ्या जहाजापेक्षा उभे जहाज लवकर झिजते, हे बाहेरच्या माणसाला चटकन पटत नाही. फिरते जहाज ठरावीक मुदतीने सुक्या गोदीत चढते, त्याचा तळ खरवडला जातो, पत्रे ठोकून पाहिले जातात, रंग लागतो. उभ्या जहाजाच्या तळावर कालवे आणि शेवाळ यांचे थर बसत राहतात, पाणरेषेवरचा पत्रा लाटांनी सतत ओला-कोरडा होऊन गंजतो, आणि बंद इंजिन व न वापरलेले नळ आतून सडतात. डफरिन रिवेटांनी जोडलेले होते आणि सत्तरीच्या जवळ आले होते. १९७२ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याची जागा माझगाव डॉकने बांधलेल्या 'राजेंद्र'ने घेतली. चोळ सम्राट राजेंद्राचे नाव दिलेली ही नौका आरंभापासूनच शाळा म्हणून आखलेली होती. ज्या माझगावसमोर परदेशात बांधलेले जहाज पंचेचाळीस वर्षे उभे होते, त्याच माझगावच्या कारखान्यात त्याची वारस तयार झाली, याचे आम्हाला त्या वयातही अप्रूप होते.

राजेंद्रविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण आपल्या शाळेविषयी कोणीही निःपक्षपातीपणे लिहू शकत नाही. जागा कमी, गर्दी फार, पावसाळ्यात कपडे वाळत नसत, आणि तरीही तिथे झालेली मैत्री आयुष्यभर टिकते, एवढे पुरे. परंतु एक गोष्ट नोंदवली पाहिजे. अशा बंदिस्त, पाण्याने वेढलेल्या ठिकाणी वरच्या वर्गाच्या हाती अमर्याद सत्ता जाते, आणि जगभरच्या प्रशिक्षण नौकांच्या आठवणींत शिस्त या नावाखाली जे वर्णन येते, त्यातील काही भाग निव्वळ छळाचा आहे. 'आम्ही सोसले म्हणून घडलो' असे म्हणणाऱ्या माझ्या समवयस्कांशी या बाबतीत माझे जमत नाही. पहाटे चारच्या पहाऱ्यावर जागे राहण्याची सवय लावण्यासाठी कोणाला अपमानित करावे लागत नाही.

जहाज किनाऱ्यावर येण्याची कारणे भावनिक नव्हती. जहाजांवर रडार, संगणकीय आलेखन आणि उपग्रहाधारित संदेशवहन आले, आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारा १९७८ चा एसटीसीडब्ल्यू करार लागू झाला; १९९५ मध्ये तो आणखी कडक करण्यात आला. त्यासाठी सिम्युलेटर, प्रयोगशाळा, आग विझवण्याच्या सरावाचे मैदान, लाईफबोट उतरवण्याची सोय हे सगळे लागते, आणि ते एका उभ्या जहाजाच्या पोटात मावत नाही. इंग्लंडमध्येही असेच झाले. 'कॉनवे' १९५३ साली दुरुस्तीसाठी ओढून नेत असताना मेनाय सामुद्रधुनीत प्रवाहात सापडून खडकांवर चढली आणि तिथेच संपली. तिची शाळा मग जमिनीवर चालली आणि १९७४ मध्ये बंद झाली. 'वॉर्सेस्टर'ची शाळा १९६८ मध्येच संपली होती. मुंबईत १९९३ साली राजेंद्रचा कारभार आटोपून नेरूळजवळ करावे येथे खाडीकाठी टी. एस. चाणक्य सुरू झाले आणि मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची नॉटिकल सायन्सची पदवी तिथे आली. २००८ मध्ये भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ही संस्था त्याचा नवी मुंबई परिसर बनली. पदवी हा मला यातील सर्वांत मोठा फायदा वाटतो, कारण जुन्या व्यवस्थेत दृष्टिदोष निघाला किंवा प्रकृतीमुळे समुद्र सोडावा लागला, तर हाती दाखवायला काहीच उरत नसे. दुसरा फायदा आपल्या भाचीच्या बाबतीत उघड आहे. डफरिन आणि राजेंद्र ही मुलांचीच जहाजे होती. मुलींसाठी दार उघडले ते संस्था किनाऱ्यावर आल्यानंतर. मार्च २०२१ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनचा 'स्वर्ण कृष्णा' हा टँकर जवाहरलाल नेहरू बंदरातून निघाला तेव्हा त्यावरील सर्व अधिकारी महिला होत्या.

काही देशांनी वेगळी वाट धरली, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील राज्यांच्या सागरी अकादम्यांकडे प्रत्यक्ष समुद्रात जाणारी मोठी प्रशिक्षण जहाजे आहेत आणि जपानकडे 'निप्पॉन मारू'सारखी शिडाची जहाजेही आहेत. त्यांचे कॅडेट अकादमीच्याच जहाजावर समुद्रसेवेचा मोठा भाग पूर्ण करतात, म्हणजे कंपनीच्या मर्जीवर त्यांचे पान हलत नाही. आपल्याकडे गोवा शिपयार्डने १९९७ मध्ये बांधलेली 'तरंगिणी' आहे, पण ती नौदलाची. व्यापारी आरमारासाठी असे जहाज ठेवायचे तर खर्च मोठा, आणि कॅडेटांची संख्या पाहता एकाने भागणारही नाही. तरीसुद्धा, शंभर वर्षांत आपण समुद्रात जाणारी एकही व्यापारी प्रशिक्षण नौका चालवली नाही, ही निवड होती आणि तिची किंमत कॅडेट मोजत आले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण आजचे गणित असे आहे. तीन वर्षांची पदवी घेतलेल्या कॅडेटला सेकंड मेटच्या परीक्षेआधी बारा महिन्यांची समुद्रसेवा लागते, आणि एक वर्षाचा डिप्लोमा केलेल्याला अठरा महिन्यांची. ही सेवा फक्त कंपनीच्या जहाजावर होते, आणि तिथे प्रशिक्षणाच्या नोंदवहीतील प्रत्येक काम जहाजावरील अधिकाऱ्याने करून घेऊन सही करायचे असते. देशात खासगी प्रशिक्षण संस्था वाढल्या तशा जागा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, आणि पदवी हातात घेऊन जहाजाची वाट पाहणारी मुले मी दरवर्षी पाहतो. या अगतिकतेचा फायदा घेऊन पैसे मागणारे दलालही असतात. जहाजावर नेमणूक मिळवून देतो असे सांगून कोणी रक्कम मागितली तर तिथेच बोलणे थांबवावे, कारण भरतीसाठी खलाशाकडून किंवा कॅडेटकडून पैसे घेणे बेकायदा आहे.

म्हणून भाचीच्या प्रवेशाच्या वेळी इमारत, सिम्युलेटर आणि संस्थेची परंपरा हे सगळे पाहा, पण त्याआधी तिला कंपनीचे प्रायोजन मिळाले आहे का, ते लेखी आहे का, आणि त्यात पदवीनंतर किती महिन्यांत जहाजावर घेतले जाईल हे लिहिले आहे का, याची चौकशी करा. प्रायोजन नसेल, तर मागील दोन तुकड्यांतील किती मुली प्रत्यक्षात जहाजावर चढल्या आणि त्यांना किती काळ थांबावे लागले, हे कार्यालयाला विचारण्याऐवजी थेट त्या मुलींनाच विचारावे. त्या खरे सांगतात. शिवाय वैद्यकीय तपासणी, विशेषतः रंगदृष्टीची, फी भरण्यापूर्वीच महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून करून घ्यावी. रंगदृष्टी सदोष निघाली तर ब्रिजवर तिला स्थान मिळणार नाही, आणि हे तीन वर्षांनंतर कळण्यापेक्षा आजच कळलेले बरे.